पॅनेलची मांडणी: फोटोशॉप की गिम्प?

फोटोशॉप आणि गिम्प हे चित्रं-फोटो संपादनाचे प्रोग्राम; दोन्हीत पॅनेल, म्हणजे रंग, ब्रश वगैरेंच्या छोट्या चौकटी, सोयीने मांडता येतात. एकाच मशीनवर सकाळी लग्नपत्रिका आणि दुपारी फोटो रिटचिंग होत असेल, म्हणजे दोन वेगळ्या मांडण्या लागत असतील, तर फोटोशॉप सरळ पुढे आहे. पॅनेल हवी तिथे ओढून लावा, मग विंडो मेनूतून वर्कस्पेस (म्हणजे नावानिशी साठवलेली मांडणी) आणि न्यू वर्कस्पेस निवडा. नाव देताना कीबोर्ड शॉर्टकट, मेनू आणि टूलबारच्या चौकटींवर खूण करा, नाहीतर फक्त पॅनेलच्या जागा जपल्या जातात. पुढे कोणी सगळं विस्कटलंच, तर त्याच मेनूतलं रीसेट आहे.

गिम्पमध्ये नावानिशी मांडण्या साठवायची सोयच नाही. मांडणी एकच, प्रोफाइल फोल्डरमधल्या (जिथे गिम्प तुमची सेटिंग्ज ठेवतो) 'सेशनआरसी' (sessionrc) फाइलीत. दुसरी हवी तर फाइलीची प्रत काढून आलटूनपालटून वापरायची, पण गिम्प बंद असतानाच. चालू असताना बदललीत, तर बाहेर पडताना तो स्वतःची मांडणी तिच्यावर लिहितो आणि मेहनत पाण्यात! जुगाडच म्हणायचा, पण फुकटातला. एकच काम करणाऱ्याला मात्र हे पुरेसं आहे: मांडणी मनासारखी बसली की प्रेफरन्सेसच्या विंडो मॅनेजमेंटमध्ये 'सेव्ह विंडो पोझिशन्स नाऊ' दाबा आणि बाहेर पडताना सेव्ह करण्याची खूण काढून टाका.

पॅनेल अचानक गायब झाली, तर दोन्हीकडे आधी टॅब दाबून पाहा. बहुतेक वेळा चुकून तीच दाबली गेलेली असते.