मावशींच्या दुकानातलं घुसळलेलं ताक

कोल्हापुरात राजारामपुरीच्या आतल्या एका गल्लीत हे दुकान आहे. दुकानाला नाव नाही. दारावरच्या पत्र्यावर लाल रंगात ‘ताजे लोणी, ताक, तूप मिळेल’ एवढंच लिहिलंय. घराचीच पुढची खोली, दोन पिंपं, एक फ्रीज आणि वजनकाटा. गल्लीतले सगळे ‘मावशींचं दुकान’ म्हणतात. मी डबे करते, बहुतेक विद्यापीठात शिकणाऱ्या नाहीतर नोकरीसाठी इथे एकट्या राहणाऱ्या मुलामुलींचे. डब्यातलं ताक बारा महिने याच दुकानातून येतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मला हे ताक गावातल्या कुठल्याही पिशवीबंद ताकापेक्षा सरस वाटतं. का वाटतं ते जरा सविस्तर लिहिते, कारण हल्ली दह्यात भरपूर पाणी घालून फिरवलं की त्यालाही ताकच म्हणतात, आणि पिणाऱ्याला दोन्हींतला फरक कळेनासा झालाय.

मावशी म्हशीचं दूध सायीसकट विरजतात. साय वेगळी काढून तेवढीच घुसळली तर लोणी पटकन येतं आणि मेहनतही वाचते, पण मग मागे राहतं ते सायीचं ताक, आणि ते थोडंच असतं. इथे सगळं दूधच विरजलेलं असतं. पहाटे मामा घुसळायला बसतात. मोटर लावलीय, पण रवी लाकडीच. एकदा लवकर गेले होते तेव्हा उभी राहून सगळं पाहिलं. सुरुवातीला दही जड असतं, रवीचा आवाजही जड येतो. दही मोडून सैल झालं की आवाज मोकळा होतो. मग पिंपाच्या कडेला रव्यासारखे बारीक पांढरे कण दिसायला लागतात. मामा तिथेच मोटर थांबवतात आणि गार पाणी ओततात. पाणी पडलं की कण एकमेकांना धरतात आणि दोनचार फेऱ्यांत लोण्याचा गोळा वर येतो. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी, ऐन थंडीत कोमट. दही फार गरम असेल तर लोणी मऊ पडून ताकातच विरघळल्यासारखं राहतं, आणि फार गार असेल तर कण कडक होतात, एकत्र येतच नाहीत. मामांना हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, पिंपाला बाहेरून हात लावून ते ठरवतात. घुसळताना लोण्याच्या कणाभोवतीचं पातळ आवरण फुटतं आणि ते ताकात उतरतं. नुसतं फेटलेल्या दह्याच्या पाण्यात आणि या ताकात जो चवीचा फरक आहे, त्यातला बराचसा इथून येतो.

चव सांगायची तर पहिल्या घोटाला आंबटपणा जाणवतो, पण दात आंबत नाहीत. मागाहून लोण्याचा किंचित वास राहतो. वरती तुरळक लोण्याचे कण तरंगतात, ते मुद्दाम काढत नाहीत याचं मला बरं वाटतं. मीठ नाही, जिरं नाही, कोथिंबीर नाही. ज्याला जे हवं ते त्याने घरी घालावं.

ताकाची खरी पारख पाण्यात आहे. आयुर्वेदात दह्यात किती पाणी घातलं आणि लोणी काढलं की नाही, यावरून घोल, मथित, तक्र, उदश्वित, छच्छिका असे पाच प्रकार सांगितलेत. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीपासून विचारला जातोय. मी होम सायन्स शिकले, तेव्हापासून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातले आकडे माझ्या डोक्यात बसलेत. गाईच्या दुधाचं 100 ग्रॅम दही घेतलं तर 60 कॅलरी, 3.1 ग्रॅम प्रथिनं आणि 149 मिलिग्रॅम कॅल्शियम. ताक 100 ग्रॅम घेतलं तर 15 कॅलरी, 0.8 ग्रॅम प्रथिनं आणि 30 मिलिग्रॅम कॅल्शियम. तक्त्यातलं ताक चांगलंच पातळ आहे, त्यात 97 टक्क्यांहून जास्त पाणीच आहे. दह्यात बरोबरीने पाणी घातलं तर हेच आकडे साधारण दह्याच्या निम्म्यावर येतात. तेव्हा ‘ताकात भरपूर कॅल्शियम असतं’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठल्या ताकात? मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. तक्त्यातल्यासारखं पातळ ताक दोन पेले प्यायलात तर त्यातून 120 मिलिग्रॅमच्या आसपास मिळेल. बाकीचं भाकरीतून, पालेभाजीतून, डाळीतून यायला हवं. डाळीची वाटी टाळून त्याऐवजी ताक पिणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्यांना मी स्पष्ट सांगते की पातळ ताकाच्या एका पेल्यात प्रथिनं दोन ग्रॅमसुद्धा नसतात.

घरी पाणी ओळखायची साधी रीत आहे. काचेच्या पेल्यात ताक ओतायचं आणि दोन तास हलवायचं नाही. वर पिवळट-हिरवट निवळी येते, खाली पांढरा साका बसतो. निवळी जितकी जाड, तितकं पाणी जास्त. मावशींच्या ताकाची निवळी पेल्याच्या निम्म्याच्या आतच राहते. एके काळी मी दुसऱ्या एका ठिकाणाहून ताक घ्यायचे, तिथे पेल्यात तळाशी जेमतेम दोन बोटं पांढरं दिसायचं. पिशवीतल्या ताकाला मात्र ही रीत चालत नाही. त्यात ते वेगळं होऊ नये म्हणून बऱ्याचदा घटक घातलेले असतात, तिथे पिशवीवरचा तक्ताच वाचावा. वाचताना मिठाकडेही बघावं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं म्हणते. घरी पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकणारे बरेच आहेत, म्हणजे निम्मा कोटा एका ताकातच संपला. रक्तदाब असलेल्या माणसाने बिनमिठाचं ताक विकत घ्यावं, हे या दुकानाकडे लोकांना पाठवण्याचं माझं मोठं कारण आहे.

डबा घेणाऱ्यांत एका मुलाला दूध प्यायलं की पोट फुगायचं. ताक त्याला चालतं. विरजणातले जंतू दुधातल्या साखरेचा काही भाग खाऊन त्याचं आम्ल करतात, म्हणून अशा पुष्कळांना ताक बाधत नाही. ज्यांना दुधाच्या प्रथिनांचीच ॲलर्जी आहे त्यांनी मात्र ताकापासूनही लांब राहावं. ते वेगळं दुखणं आहे.

आता स्वयंपाकघर. ताक पिण्यापेक्षा माझ्याकडे शिजवण्यातच जास्त जातं.

कढीला ताजं ताक घेऊ नये, दुसऱ्या दिवशीचं घ्यावं. थंड ताकात बेसन गुठळी न राहता कालवायचं आणि मगच आचेवर चढवायचं. बेसनातला स्टार्च ताकातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून कढी फुटत नाही. पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही, आणि मीठ शेवटी. पातळ ताकाला बेसन जास्त लागतं आणि मग कढीचं पिठलं होतं. मावशींच्या ताकाला लिटरला दोन मोठे चमचे पुरतात.

चाकवत आमच्या बाजारात मिळायला लागला की आठवड्यात एकदा तरी ताकातला चाकवत होतोच. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी भिजवून भाजीबरोबर शिजवायचे, भाजी घोटून त्यात बेसन लावलेलं ताक, वरून लसणाची लाल फोडणी. मुलांना पालेभाजी नको असते, पण ही भाकरीशी वाटीभर जाते. चाकवत नसेल तेव्हा पालक, पण पालकाला तो वास नाही.

उकड हा माझा संध्याकाळचा भरवशाचा पदार्थ. फोडणीत लसूण, हिरवी मिरची, कढीलिंब. तांदळाचं पीठ आंबट ताकात कालवून ते फोडणीवर ओतायचं, ढवळत घट्ट करायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, वर कच्चं तेल. ताक आंबटच हवं. ताज्या ताकाची उकड चिकट खिरीसारखी लागते. धपाट्याचं पीठही मी ताकातच मळते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहतात, आणि डब्याच्या धंद्यात मऊ राहण्याला फार किंमत आहे.

उन्हाळ्यात ताक-कण्या. ज्वारी जाडसर भरडून, चाळून, मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या कण्या पूर्ण गार होऊ द्यायच्या आणि खाताना ताक ओतायचं, जोडीला कांदा आणि खर्डा. गार झाल्यावर ओतायचं याला चवीपलीकडेही कारण आहे. ताकातले जिवंत जंतू उकळीला मरतात. कढीत, उकडीत, चाकवतात प्रथिनं आणि कॅल्शियम राहतं, जंतू राहत नाहीत. ते हवे असतील तर ताक कच्चंच पोटात गेलं पाहिजे.

आणि आंबील. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, गार झाल्यावर पुन्हा थोडं ताक. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ताकापेक्षा कितीतरी जास्त. पण धान्यातलं फायटिक आम्ल लोह आणि कॅल्शियम धरून ठेवतं. रात्रभर आंबवल्याने ते कमी होतं, आणि खाल्लेलं अंगी लागतं. आमच्या कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला घरोघर आंबील होते. बाकी वर्षभर मात्र ती विस्मरणात जाते, हे मला मनापासून खटकतं. परीक्षेच्या दिवसांत मी डब्यात आंबिलीची बाटली देते. पहिल्या दिवशी नाकं मुरडतात. आठवड्याने बाटली रिकामी येते.

केळफूल चिरलं की लगेच ताक घातलेल्या पाण्यात टाकावं. काळं पडत नाही आणि चीकही निघतो. पूजेची पितळी भांडी आंबट ताकाने घासली की उजळतात, कारण आम्लाने वरचा थर सुटतो. आणि याच कारणासाठी कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कधीही ठेवू नये. ते कळकतं, आणि असं कळकलेलं ताक पोटात जाणं वाईट. दगडी, काचेचं, चिनीमातीचं किंवा स्टीलचं भांडंच बरं.

दुकानात खटकणाऱ्या गोष्टी आहेत. भांडं न्यायला विसरलात तर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात. ती पिशवी मला बिलकूल आवडत नाही आणि घरी येईपर्यंत हमखास गळते. मी मावशींना बोलले, त्यांनी दारात स्टीलच्या बरण्या ठेवल्या, अनामत देऊन नेता येतात, पण गर्दीत पिशव्याच चालतात. दुसरं म्हणजे, एप्रिल-मेमध्ये मागणी वाढली की ‘मसाला ताक’ म्हणून एक पिंप वेगळं असतं. त्यात मीठ सढळ असतं आणि पाणीही जास्त वाटतं. ते मी घेत नाही, तुम्हीही साधंच मागा. आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला म्हशींना कोवळा हिरवा चारा मिळायला लागतो, त्या दिवसांत लोण्याला आणि ताकाला गवताचा वास येतो. आठ-पंधरा दिवसांत जातो. ते ताक खराब नसतं, पण ज्याला वास सहन होत नाही त्याला आधी सांगितलेलं बरं.

भाव लिटरला 30 रुपये. पिशवीच्या ताकाशी तुलना केली तर महाग नाही, कारण पाणी आपण आपल्या मनाने घालायचं असतं. डबेवाल्यांना आणि खानावळवाल्यांना पाच लिटरच्या वर थोडी सूट आहे. लोणी रोज थोडंच निघतं आणि ते ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे जातं, हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. तूप चांगलं कढवतात, बेरी मागितली तर वेगळी बांधून देतात.

सकाळी सात ते नऊ ही चांगली वेळ. अकरानंतर उरलं तर उरलं. घरून झाकणाची किटली न्या, आणि घरी आल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा, मे महिन्यात ओट्यावर राहिलं तर दुपारपर्यंत जेवणाबरोबर प्यायचं ताक राहत नाही. आदल्या दिवशीचं आंबट ताक मावशी पुढे मांडत नाहीत, पण ‘कालचं आहे का?’ असं विचारलंत तर निम्म्या भावात देतात. उकडीला, कढीला आणि धपाट्याला तेच घ्या. कढीलिंबाची कुंडी असेल तर त्यातलं वाटीभर पाण्यात मिसळून तिलाही घाला.