मेडिकल कॉलेजचा कान-नाक-घसा विभाग: वर्षभर ये-जा केल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतोय. कापलेला एक कशाचा ते पुढं येईलच.

आमच्या मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजचा हा विभाग, तक्रारी पण लिहिणार आहे म्हणून नाव टाकत नाही. आप्पांचा वाहणारा कान आणि बहिणीची छोटी, असे घरातले दोन पेशंट, त्यामुळं वर्षभर तिथं चकरा चालूच आहेत. वर्षापूर्वीचा विभाग आणि आत्ताचा यात जमीन-अस्मानाचा फरक पडलाय. लोक नवीन मायक्रोस्कोपचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे, पण माझं मत विचाराल तर खरा फरक पडला तो ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या माणसाची, रिकामी जागा भरली म्हणून.

कारण बेराचं (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी) मशीन आधीपण होतं, कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलेलं, चालवायला माणूसच नाही. मग चिठ्ठी मिळायची, बाहेरून करून आणा. बाहेर म्हणजे संभाजीनगर नाहीतर पुणं, दोघांची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं, वर तपासणीची फी, मग लोक चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवायचे आणि "ह्याचा बाप पण उशिराच बोलला होता" म्हणत दोन-दोन वर्षं घालवायचे. बहिऱ्या बाळाचं असं असतं की पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत कानाला ऐकायचं मशीन नाहीतर पुढचे उपचार सुरू, जगभर डॉक्टर हाच हिशेब धरतात. आता तिथं बाळंतीण वॉर्डातून घरी जायच्या आधीच बाळाची ओएई, म्हणजे ऐकण्याची पहिली चाचणी, होते, कानात छोटा प्रोब लावायचा, बाळ शांत असलं की काही मिनिटांत काम होतं, आणि त्यात शंका आली की बेराची तारीख देतात. हे एवढं एक काम जरी वर्षभरात झालं असतं तरी मी चार स्टार दिले असते.

छोटीची बेरा मी स्वतः बघितली. बहिणीला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, पोरीला उशिरापर्यंत जागं ठेवा, सकाळी गाडीत झोपू देऊ नका, म्हणजे इथं आल्यावर झोपेल. तरी ती झोपेना, तर मॅडमनी लाइट बंद केली, फॅन कमी केला आणि पुढच्या पेशंटला बसवून हिच्यासाठी थांबल्या, कुठं चिडचिड नाही. मग कपाळावर आणि दोन्ही कानांमागं वायरी चिकटवल्या, कानात टक-टक आवाज सोडला आणि कॉम्प्युटरवर लाटा उमटायला लागल्या. आवाज कमी करत न्यायचा आणि पाचवी लाट कुठपर्यंत दिसते ते बघायचं, त्यावरून कळतं लेकराला किती बारीक आवाज पोचतो. हे मला मॅडमनीच समजावून सांगितलं, रांग बाहेर लागलेली असताना. छोटीला आता दोन्ही कानांना मशीन आहे आणि "मामा" म्हणते, स्पष्ट म्हणते.

आप्पांचं दुखणं जुनं, पडद्याला भोक, पावसाळा आला की कान वाहायचा, आणि गावात जो तो कोमट तेल टाका म्हणायचा (कृपा करून टाकू नका, भोक असलेल्या कानात तर अजिबात नाही). ज्युनियर डॉक्टरनं दुर्बीण कानात घालून आप्पांना त्यांचाच पडदा टीव्हीवर दाखवला. आप्पा म्हणाले, "हे माझ्याच कानातलं हाय का?" तो पोरगा हसला नाही, नीट बोट ठेवून भोक दाखवलं, मागची हाडं दाखवली आणि ऑपरेशन का करायचं ते सांगितलं. त्यानंतर ऑपरेशनला नाही म्हणणारा माणूस स्वतःच तारीख विचारायला लागला. कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचाच नवीन पडदा बसवतात, महात्मा फुले योजनेत बसलं, रेशन कार्ड आणि आधार लागलं. आधी ऐकण्याचा चार्ट 50 डेसिबलच्या आसपास होता, काही महिन्यांनी परत काढला तर 30 च्या आसपास आला (आकडा कमी म्हणजे ऐकणं चांगलं).

शिकणारी पोरं हात लावतात म्हणून मेडिकल कॉलेजला घाबरणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. ही पोरं आधी मेलेल्या माणसाच्या कानाच्या हाडावर ड्रिल चालवायला शिकतात, कारण त्याच हाडातून चेहऱ्याची नस जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होतं. त्या लॅबमध्ये यंदा प्रॅक्टिस नियमित चालू झाली असं डॉक्टरांच्या बोलण्यात आलं, आणि ऑपरेशनच्या वेळी वरिष्ठ सर शेजारीच असतात.

गुटखावाल्यांची पण तिथं रोज गर्दी असते. राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि तरी तोंड न उघडणारी पंचविशीतली पोरं बाकड्यावर बसलेली दिसतात, बघवत नाही. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा, जात नसतील तर दाखवून या.

आता कापलेला स्टार. सीटी स्कॅनची तारीख लई लांबची मिळते. कानाचे काही ड्रॉप बाहेरून आणावे लागतात. बायकांच्या टॉयलेटला कडी नाही, वर्षभर नाही, कितीदा सांगून झालं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे स्पीच थेरपीला एकच माणूस. मशीन लावलं की काम संपलं असं नसतं, ऐकलेलं ओळखायला आणि बोलायला शिकवावं लागतं, तेही आठवड्याला, आणि इथं तारखा महिन्या-महिन्यानं मिळतात. बहीण घरीच छोटीला भांडी वाजवून, नावं घेऊन शिकवते, पण सगळ्यांना ते जमणार नाही. ऑडिओलॉजिस्टच्या एका जागेनं एवढा फरक पडला, तर थेरपिस्टची अजून एक जागा भरायलाच पाहिजे, आम्ही काही पालकांनी तसा अर्ज डीन साहेबांच्या ऑफिसला दिलाय.

जाणार असाल तर सोमवार टाळा, सकाळी लवकर केस पेपर काढा, जुने सगळे कागद सोबत ठेवा. लहान मूल असेल तर बेराची तारीख त्याच दिवशी लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका.