नसलेली पेनल्टी काढायचे 70,799 रुपये

गूगलमध्ये घसरलेली आमची साइट वर आणून देतो म्हणणाऱ्या एका एजन्सीवाल्याने आम्हाला फसवले. त्याला दिलेली रक्कम आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लाजेपोटी कमी सांगायचा मोह नको. ऑडिट 4,999. 'पेनल्टी रिमूव्हल', म्हणजे गूगलने केलेली शिक्षा उठवणे, 28,000, चौदा-चौदाच्या दोन हप्त्यांत. डिसअव्हाव फाइल, म्हणजे 'या वाईट लिंक धरू नका' असे गूगलला सांगणारी यादी, 7,500. दीडशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक, 18,500. आणि 'गूगलला भरायची फी' 11,800, म्हणजे दहा हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. एकूण 70,799. सगळे यूपीआयने, मे ते जुलै 2024.

साइट इंदूरच्या खाण्याची, मराठीतली. भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाणा खिचडीचा सराफा बाजारातला थाट, असले सगळे. गूगलमधून येणारे रोजचे क्लिक अकराशेच्या घरात. 5 मार्च 2024 ला गूगलचे कोअर अपडेट, म्हणजे शोधात कोण वर कोण खाली हे ठरवायच्या पद्धतीतला मोठा बदल, सुरू झाले, 19 एप्रिलला संपले, आणि मेमध्ये आमचा आकडा 190 वर होता. त्या पंचेचाळीस दिवसांत ज्यांच्या साइट आपटल्या त्यांना पुढचे सांगायला नको. मेल येतात, व्हॉट्सअ‍ॅप येतात, सोबत तुमच्याच साइटचा घसरलेला आलेख. आपल्याला वाटते याने आत डोकावून पाहिले. कसले आत! बाहेरची टूल्स कुणाच्याही साइटचा असा अंदाजे आलेख दोन मिनिटांत काढून देतात.

आमच्याकडे आलेला माणूस मराठी बोलत होता. इंदुरात याचे काय होते ते इंदूरकरांना कळेल. दिवसभर हिंदीत व्यवहार करून थकलेल्या माणसाला कुणी फोनवर "काका, तुम्ही आपले म्हणून खरं सांगतो" म्हटले, की निम्मी चौकशी तिथेच संपते.

आता तो क्षण. अजून आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

'पेनल्टी' हा शब्द सगळे सैल वापरतात, आणि यांचा धंदा त्या सैलपणावर चालतो. गूगलच्या माणसाने साइट तपासून केलेली कारवाई म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन. ती झाली तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट टूलमध्ये, डाव्या यादीत 'सिक्युरिटी अँड मॅन्युअल अ‍ॅक्शन्स'खाली लिहून येते: कारण काय, पूर्ण साइटवर की काही पानांवर. फेरविचाराचा अर्ज करायचे बटण तिथेच असते, आणि कारवाई असेल तरच असते. अपडेटमध्ये साइट खाली गेली तर त्याची नोटीस नाही, बटण नाही, अपील नाही.

आमच्या त्या पानावर हिरवी खूण होती. 'नो इश्यूज डिटेक्टेड'. आम्ही ती पाहिली होती. त्याला विचारलेही. तो म्हणाला, "काका, ते मालकाला नाही दाखवत, एजन्सीच्या पॅनलवर येतं." आणि 'अननॅचरल लिंक्स'च्या, म्हणजे विकतच्या किंवा बनावट लिंकच्या, नोटिशीचा स्क्रीनशॉट पाठवला. वरच्या कोपऱ्यात, जिथे साइटचा पत्ता असतो, तिथे धुरकट पट्टा. का, तर प्रायव्हसी! आमच्या साइटचे नाव आमच्यापासूनच लपवायची प्रायव्हसी. त्याच संध्याकाळी पहिले 14,000 गेले.

अडाणी होतो म्हणून फसलो असे नाही. त्याने 'पेंग्विन पेनल्टी' म्हटले तेव्हा आम्हाला माहीत होते की पेंग्विन हे वाईट लिंक पकडणारे गूगलचे अपडेट 2012 चे, सप्टेंबर 2016 पासून ते मुख्य अल्गोरिदममध्येच मिसळले आहे आणि वाईट लिंकचे वजन बहुतेक परस्पर काढून टाकते. माहीत होते. पण पडझडीला काहीतरी कारण आहे आणि ते पैसे देऊन काढता येते, हे ऐकायला तेव्हा बरे वाटत होते. जाहिरातींचे पैसे महिन्याला कसे आटतात हे ज्याने पाहिले आहे त्याने आम्हाला हसावे, बाकीच्यांनी नको.

एजन्सीचे वेगळे पॅनल असे काही नसते. एजन्सीला परवानगी दिली तर तिला दिसते तेच मालकाला दिसते. आणि फेरविचाराच्या अर्जाला गूगल एक पैसा घेत नाही. त्या 11,800 च्या बिलावरचा जीएसटी क्रमांक नंतर मोजला, तर अक्षरे चौदाच. क्रमांक पंधरा अक्षरी असतो, मध्य प्रदेशातला 23 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा, आमच्यासारखे दिवाळीत नको.

डिसअव्हाव फाइलची गंमत वेगळीच. साधी टेक्स्ट फाइल असते. एका ओळीत एक पत्ता, किंवा 'डोमेन' शब्द, विसर्गासारखी दोन टिंबे आणि साइटचे नाव. मर्यादा एक लाख ओळी आणि दोन एमबी. सर्च कन्सोलमधली आमच्या साइटची नोंद, म्हणजे प्रॉपर्टी, डोमेन प्रकारची, आणि हे टूल डोमेन प्रॉपर्टी घेतच नाही. पत्त्याच्या सुरुवातीवरून केलेली वेगळी प्रॉपर्टी लागते. आम्ही एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय अशा चारही जोडून पाहिल्या. कुठेच फाइल नव्हती. साडेसात हजारांत चढवलीच नाही! नशीबच म्हणायचे, कारण त्या फाइलमध्ये दोन वर्तमानपत्रांनी आपणहून दिलेल्या लिंकही घातल्या होत्या. चढवली असती तर चांगल्या लिंक आम्हीच नाकारून बसलो असतो.

मग दीडशे 'हाय डीए' लिंक. डीए म्हणजे 'डोमेन ऑथॉरिटी', साइटचे वजन सांगणारा मॉझ कंपनीचा आकडा, गूगल तो वापरत नाही. दीडशेच्या दीडशे एकाच साच्यातल्या साइटवरून आल्या: तेच थीम, 'आमच्याबद्दल' पान रिकामे, एका लेखात कर्ज, दुसऱ्यात कॅसिनो, तिसऱ्यात आमचे पोहे. आणि प्रत्येक लिंकवर अक्षर न अक्षर तेच शब्द, 'इंदूर पोहा रेसिपी'. खरी माणसे लिंक देतात तेव्हा कुणी साइटचे नाव लिहितो, कुणी 'इथे पाहा'. दीडशे जण एकच वाक्य बोलत नाहीत.

'रिकव्हरी'ही दाखवली. जूनमध्ये अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या टूलमध्ये, रोज चारशे माणसे वाढली. सगळी 'डायरेक्ट', म्हणजे गूगलच्या शोधातून न येता थेट आलेली, थांबण्याचा वेळ शून्य ते एक सेकंद, आणि पहाटे तीनला सर्वात जास्त. पहाटे तीनला गराडूची पाककृती कोण शोधतो? सर्च कन्सोलमधले क्लिक जागचे हलले नव्हते. कुणी सुधारणा दाखवली तर आकडा सर्च कन्सोलचाच मागा, तोही स्क्रीनशॉट नको, आपल्या लॉगिनने उघडून. सोळा महिन्यांचा मिळतो. साइटचे नाव असलेले शब्द गाळून बघा, कारण स्वतःच्या नावाला पहिला नंबर कुणालाही असतो. 15 ऑगस्टला पुढचे कोअर अपडेट सुरू झाले तेव्हा क्लिक 190 चे 260 झाले, तर याचा लगेच फोन: "बघा काका, उठली साइट!" त्याचे त्यात काही नव्हते; अपडेटच्या तारखा गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर उघड लिहिलेल्या असतात.

ऑक्टोबरात खरी मॅन्युअल अ‍ॅक्शन आली. कारण 'अननॅचरल लिंक्स', पूर्ण साइटवर. नसलेला आजार काढायला पैसे दिले आणि तोच विकत घेऊन घरी आणला. आता आमच्याही पानावर बटण होते! त्याचा फोन तोवर बंद.

साफसफाई आम्हीच केली. लिंक्स रिपोर्टमधून यादी उतरवली, साइटवाल्यांना मेल केले, 41 लिंक निघाल्या, बाकीच्या डिसअव्हावमध्ये टाकल्या. पहिला अर्ज नाकारला, आणि चूक आमची होती: फाइलमध्ये एकेका पानाचा पत्ता दिला होता, पूर्ण डोमेन नाही, आणि त्याच लिंक त्या साइटच्या टॅग-पानांवरही, म्हणजे एका विषयाचे लेख एकत्र दाखवणाऱ्या पानांवरही, होत्या. असल्या साइटना पूर्ण डोमेनच लावा. नवी फाइल जुनीची जागा घेते, त्यामुळे प्रत्येक वेळी अख्खी यादी चढवा. अर्जात रडगाणे नको. काय झाले, काय काढले, पुरावा कुठे, एवढेच. उत्तर यायच्या आत दुसरा अर्ज करू नका. दुसरा अर्ज जानेवारी 2025 मध्ये मान्य झाला. क्लिक? 240. शिक्षा उठली तरी अपडेटने गेलेले परत येत नाही, त्याला लेखच सुधारावे लागतात आणि महिनोन्‌महिने थांबावे लागते.

आता तक्रारीचे. पोलिस ठाण्यात ऐकले, "अंकल, ये तो लेन-देन का मामला है, कोर्ट जाइए." काम तर केले ना त्याने, लिंक तर दिल्या! सायबरच्या टेबलवर प्रश्न, "ओटीपी दिया था? नहीं? तो सायबर कैसे हुआ?" मग कलमाचा घोळ. मे-जूनचे पैसे जुन्या दंडसंहितेखाली म्हणजे 420, आणि 1 जुलै 2024 पासूनचे भारतीय न्याय संहितेच्या 318 खाली. एकाच माणसाने एकाच थापेवर घेतलेले पैसे, आणि अर्ज दोन करा म्हणे. दोन केले. पोचपावती एकाचीच मिळाली. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत. पेमेंट अ‍ॅपने तिकीट उघडले आणि दुसऱ्या दिवशी 'समाधान झाले' म्हणून बंद केले. कुणाचे समाधान? ग्राहक तक्रारीबद्दल विचारले तर एकाने तोंडावर सांगितले की साइटवर जाहिराती आहेत, म्हणजे तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही. 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला व्यापारी धरत नाहीत, हे आम्हाला छापील कागद नेऊन दाखवावे लागले. पाच लाखांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोगात फी शून्य आहे, हेही कुणी आपणहून सांगत नाही. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. आम्ही पाच महिन्यांनी जागे झालो. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपची पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा. कोर्टात ती द्यायची तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते, नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत.

आणि आजच्या आज करायचे काम. सर्च कन्सोलमध्ये एजन्सीला 'ओनर' कधीच करू नका, 'रिस्ट्रिक्टेड' परवानगीत तपासणी होते. केले असेल तर 'युजर्स अँड परमिशन्स'मधून नाव काढणे पुरत नाही. ज्या खुणेवरून मालकी सिद्ध केली ती राहिली, तर तो परत मालक होतो. डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतली, टीएक्सटी नोंद बघा, मुळाच्या फोल्डरमध्ये 'गूगल'ने सुरू होणारी एचटीएमएल फाइल बघा, थीमच्या हेडर फाइलमध्ये व्हेरिफिकेशनचा मेटा टॅग बघा. आम्ही पहिल्या दोन जागा ऑक्टोबरात साफ केल्या आणि हेडर विसरलो. टॅग फेब्रुवारीत सापडला. म्हणजे ठाण्यात अर्ज देऊन चार महिने झाले तरी त्याला आमच्या साइटचा मालक व्हायला एक क्लिक पुरत होता.