टक-टक सकट भूप

किशोरीताई आमोणकरांची एचएमव्हीची जुनी एलपी (मोठी तबकडी), एका बाजूला भूप राग, दुसऱ्या बाजूला बागेश्री. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, साडेसहाशे सांगितले, पाचशेला दिली. "एकदम टकाटक आहे साहेब" यावर विश्वास ठेवून उजेडात तिरकी धरून न बघताच घेतली, गाढवपणा माझाच. घरी येऊन बघतो तर भूपच्या बाजूला सुरुवातीलाच ओरखडा. कव्हरला ओल लागलेली, मागे कोणीतरी निळ्या बॉलपेननी "परत करणे" लिहिलंय, ते बिचाऱ्याला कोणी केलेलं दिसत नाही.

आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा जमतो, प्रत्येकानी एक आवडतं रेकॉर्डिंग आणायचं आणि वाजताना तोंड उघडायचं नाही. मी हीच नेली. ओलसर फडक्यानी पुसली होती तरी ३३ आरपीएमला (मिनिटाला ३३ फेरे) ओरखड्याची टक साधारण दर १.८ सेकंदांनी येतेच, आणि ती विलंबित तीनतालाशी (संथ लयीतला सोळा मात्रांचा ताल) काही केल्या जुळत नाही, एकजण तर चक्क तिच्यावरच मात्रा मोजायला लागला :)

पण पहिली दोनेक मिनिटं गेली की टक संपते आणि मग काय सांगू. 'प्रथम सुर साधे' या संथ ख्यालात ताई गंधारावर (ग) येतात ना, थेट नाही येत, रिषभावरून (रे) अलगद वर जातात आणि तिथे नुसत्या थांबतात, खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. जयपूर घराण्याच्या घट्ट लयीत वाढलेली बाई, मोगूबाई कुर्डीकरांसारखी आई गुरू, आणि तरी लयीला एवढी मोकळी सोडते. जुन्या जयपूरवाल्यांना हे का खुपायचं तेही कळतं, मला मात्र नेमकं तेच आवडतं. पुढे भूपातलीच द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश 'सहेला रे'. त्यात सात सुरांचे भेद सांगूया म्हणतात, आणि भूपात सूर पाचच, मध्यम-निषाद नाहीतच! इतकी वर्षं ऐकतोय, हे परवा पहिल्यांदा डोक्यात आलं.

लोक मोबाइलवर नुसतं 'सहेला रे' लावतात, प्लीज तसं नका करू, आधीचा ख्याल ऐकल्याशिवाय त्या द्रुतची मजा अर्धीच. एलपीवर पुढे ढकलायचा कंटाळा येतो हा तिचा मोठा फायदा.

त्याच दिवशी एका मैत्रिणीनी केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' भैरवी लावली, १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली तीच. साडेतीन मिनिटांत अख्खी भैरवी. केसरबाई आणि मोगूबाई दोघी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, त्यामुळे भूपनंतर लगेच ही ऐकताना आवाजाची फेक आणि दमसास याची तुलना आपोआप होत होती, चहा होईपर्यंत वाद चालू.

गाण्याला पाचपैकी पाच, माझ्या प्रतीला तीन. बागेश्रीची बाजू स्वच्छ आहे, ती पुढच्या महिन्यात नेणार.