डेलिली लावावी की निशिगंध?

एकच वाफा मोकळा आहे आणि या दोघांपैकी काय लावायचं ते ठरत नसेल, तर आधी एक ठरवा: फूल झाडावर बघायचंय की तोडून घरात आणायचंय?

डेलिलीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, रात्री मिटतं आणि दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होऊन दांड्याला लोंबतं. पण एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या असतात आणि भरलेल्या बेटाला दांडेही बरेच येतात, म्हणून वाफा तीन-चार आठवडे रंगलेला राहतो. फुलदाणीत मात्र निशिगंधच लावावा. खालची दोन-तीन फुलं उमलताच छडी कापली, तर उरलेल्या कळ्या पाण्यात आठवडाभर खालून वर उमलत जातात. हारासाठी आणि वासासाठी सिंगल, म्हणजे पाकळ्यांचा एकच थर असलेल्या जाती घ्या: शृंगार किंवा प्रज्वल. सुवासिनी, वैभव या डबल, म्हणजे एकाहून जास्त थरांच्या जाती फुलदाणीत अधिक उठून दिसतात.

निशिगंधाची लागवड सोपी: मार्च ते मे, 2 ते 3 सेंमी जाडीचे कंद, 5-6 सेंमी खोल, 20 सेंमी अंतरावर. पहिली छडी तीन-चार महिन्यांत येते. डेलिलीला पावसाळा ओसरल्यावरचा काळ बरा. पानं 15 सेंमी ठेवून छाटा, खड्ड्यात मातीचा छोटा उंचवटा करा आणि त्यावरून मुळं चहूबाजूंनी खाली सोडा. पानं आणि मुळं जिथे जुळतात तो गड्डा मातीखाली 2.5 सेंमीच्या आतच हवा. खोल गेला तर फुलं कमी येतात आणि पावसाळ्यात सडायची भीती. दोन रोपांत 45 सेंमी अंतर ठेवा. कोकणात किंवा काळ्या मातीत वाफा वीतभर उंच केल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच लावू नका.

डेलिली विकत घेताना खरी मेख जातीत आहे. काही जाती थंडीत पानं गाळून झोपी जातात. त्यांना कडक थंडी लागते, मुंबई-रत्नागिरीच्या हवेत त्या वर्षागणिक क्षीण होतात. जातीची खात्री नसेल तर डिसेंबर-जानेवारीत नर्सरीत जा आणि तेव्हाही हिरवं असलेलं रोप निवडा. विदर्भातल्या उन्हात गडद लाल पाकळ्या करपतात, तिथे पिवळी जात घ्या.

ऊन दोघांनाही सहा तास हवं. चार तासांवर डेलिली कशीबशी भागवते, निशिगंध नुसती पानं काढत बसतो.

रोगांत डेलिलीचा त्रास तांबेरा. पानामागे बोट फिरवलं की नारिंगी भुकटी लागते. ती पानं कापून बागेबाहेर टाका आणि पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या. निशिगंधाचा शत्रू मातीत असतो: सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे. झाड खुरटलं तर उपटून मुळं बघा. गाठी असतील तर ते कंद पुन्हा लावू नका आणि त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू घ्या. शिवाय एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, बाजूचे फुलतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षी दाटी होऊन छड्या घटतात, सगळे उपटून मोठे तेवढे लावावे लागतात. डेलिलीचं बेटही तीन-चार वर्षांनी फोडायचं, पण तिथे एकेका तुकड्याला दोन-तीन फुटवे राखले की काम झालं.

घरात मांजर असेल तर डेलिली नकोच. तिचं पान, फूल किंवा परागही पोटात गेले तर मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अशा घरात निशिगंध लावा.