लॅपटॉप पळायला लागला, म्हणून चोरी दिसली नाही

दुरुस्तीत फसले म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मशीन बिघडवून दिलं का?" नाही. माझा लॅपटॉप चांगला सुधारून आला. आधी बटण दाबून चहा टाकावा, गाळावा, प्यावा, तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं. आता अर्ध्या मिनिटाच्या आत पासवर्ड मागतो. ग्राहक खूश होऊन पैसे देतो आणि घरी जातो. या फसवणुकीची सगळी मदार त्या खुशीवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीत राहते आणि मार्केट यार्डातल्या काही आडत दुकानांचे हिशेब घरून बघते. हळद, बेदाणा, थोडा गूळ. टॅली, जीएसटी, टीडीएस हे रोजचं. लॅपटॉप २०१९च्या दिवाळीत घेतलेला : आय-फाइव्ह, आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम (उघडलेली कामं हाताशी ठेवणारी मेमरी), १ टीबीची फिरती हार्डडिस्क. अलीकडे तो सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की महिन्याच्या ११ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, हात घामेजायचे.

दुकान शहरातलंच. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. आणि नावापेक्षा तऱ्हा ओळखता येणं जास्त उपयोगाचं.

मालकाने मागचं झाकण काढलं, बोर्डावरचा एक पांढुरका डाग दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, बोर्डाला पुराचं पाणी लागलंय की. एकोणीसचं." आता सांगलीत पुराचं नाव काढलं की माणूस निम्मा गप्प होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. मी म्हटलं, लॅपटॉप पुरानंतर दिवाळीत आणलाय. पापणी न हलवता उत्तर आलं, "मग एकवीसचा असेल." आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ते सांगितल्यावर पुराच्या पाण्याची नुसती पुराची दमट हवा झाली, आणि 'बोर्ड सर्व्हिसिंग'चे पाच हजार अडीच हजारांवर आले. बोर्ड धुवायचा तर होताच म्हणे, कारण नंतर दुसरं काही निघालं तर जबाबदारी दुकानाची नाही.

दुसरं कारण त्याने सांगितलं ते असं : विंडोज १० बंद झालं, म्हणून कंपनी जुनी मशीन मुद्दाम स्लो करते. हे आता बऱ्याच काउंटरवर ऐकू येतं, म्हणून स्पष्ट सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. त्याने मशीन सुरू व्हायला एक सेकंदही जास्त लागत नाही. आणि आठव्या जनरेशनचा लॅपटॉप सहसा विंडोज ११ वर फुकट जातो.

खरं कारण साधं होतं, आणि ते मालकालाही पक्कं ठाऊक होतं. विंडोज सुरू होताना डिस्कवर ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचते. फिरत्या डिस्कचा काटा त्यासाठी इकडून तिकडे पळत राहतो आणि सेकंदाला जेमतेम शंभरभर जागा गाठतो. एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कमध्ये, काटाच नाही, त्यामुळे तेच काम चुटकीसरशी होतं. त्यात माझ्या मशीनवर डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचं, मीटिंगचं, क्लाउडचं असं सगळं गणगोत विंडोजबरोबरच उठत होतं. थोडक्यात, एसएसडी टाका, आगंतुक बंद करा, संपलं. बोर्डाचा काही संबंध नाही.

बिल म्हणून एका चिठ्ठीवर लिहून मिळालं : ५१२ जीबी एसएसडी ४,८००, बोर्ड सर्व्हिसिंग २,५००, ओरिजिनल विंडोज ११ आणि अँटिव्हायरस १,९००. एकूण ९,२००, यूपीआयने. पक्कं बिल मागितल्यावर "जीएसटी लावला की अजून वाढेल, कशाला" हे उत्तर. जीएसटीचे रिटर्न भरून पोट भरणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे.

मशीन सुसाट सुरू व्हायचं, पण टॅली, ब्राउझर आणि एखादी मोठी एक्सेल शीट एकत्र उघडली की अडायचं. सुरुवात झटपट आणि काम रखडत, हे उलटं गणित दिराच्या मुलाला खटकलं. तो इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. "काकू, रॅम किती होती?" म्हटलं, आठ. त्याने कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेला. चार. दोन स्लॉट, त्यातला एक वापरात.

रॅमची पट्टी बोटभर असते, खिशात मावते. २०२५च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून जुन्या पट्टीलाही गिऱ्हाईक आहे. आणि एसएसडी टाकल्यावर मशीन एवढं वेगाने सुरू होतं की निम्मी रॅम गेलेली पहिल्या दिवशी कोणाला कळतच नाही. काढायची तर हीच वेळ.

मग त्याने एकेक उकरायला घेतलं. एसएसडी टास्क मॅनेजरमध्ये २३८ जीबी दाखवत होती. यावर मालकाचं उत्तर नंतर फोनवर मिळालं : "विंडोज रिकव्हरीला निम्मी जागा ठेवते." थाप आहे. कंपन्या जीबी हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४च्या, म्हणून आकडा थोडा कमी दिसतो खरा. पण ५१२ची डिस्क ४७६-४७७ दिसते. २३८ दिसली तर ती २५६चीच. रिकव्हरीचा कप्पा साधारण एक जीबीच्या आतबाहेर असतो.

शिवाय ती नवीही नव्हती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कच्या आत नोंदलेले 'पॉवर ऑन अवर्स' दाखवतं, म्हणजे डिस्क आजवर एकूण किती तास चालू होती ते. नव्या डिस्कवर हा आकडा दुकानातून घरी येईपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका असतो. माझ्या 'नव्या' डिस्कवर ११,००० च्या वर. दिवसाला नऊ तास धरले तरी कुठल्या तरी ऑफिसात तिने तीन वर्षं नोकरी केलेली.

विंडोजचं सगळ्यात चीड आणणारं. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची किल्ली, म्हणजे लायसन्सचा नंबर, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये, कोरलेली असते. फॉरमॅट करून तीच आवृत्ती टाकली आणि नेट जोडलं की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. वेगळे पैसे लागत नाहीत. माझं होम होतं, त्याने प्रो टाकलं आणि चोरटं अ‍ॅक्टिव्हेशन केलं. तपासायची युक्ती सोपी : विंडोजची कळ आणि आर दाबून चौकटीत एसएलएमजीआर, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्सपीआर ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा. खरं लायसन्स असेल तर 'कायमचं अ‍ॅक्टिव्हेट' अशा अर्थाचा संदेश येतो. माझ्याकडे सहा महिन्यांच्या आतली तारीख आली. १८० दिवसांची ही मुदत मोठ्या संस्थांच्या केएमएस पद्धतीची असते, घरच्या लॅपटॉपवर तिचं काय काम? मुदत सरकवत राहणारा एक प्रोग्राम प्रत्येक वेळी विंडोजबरोबर सुरू होत होता, आणि त्याला पकडू नये म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसमध्ये त्या फोल्डरला सूट दिलेली. म्हणजे मी ज्या मशीनवर लोकांच्या बँकांची स्टेटमेंटं उघडते, तिथे पहारेकऱ्याचेच डोळे बांधलेले. पुतण्याने सगळं पुसून होम टाकलं, नेट लावताच ते आपलं आपण अ‍ॅक्टिव्हेट झालं. एक रुपया लागला नाही.

तुमचं मशीन सुरू व्हायला वेळ घेत असेल तर आधी टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा भाग बघा. ज्याच्यापुढे 'हाय' लिहिलंय आणि जे रोज लागत नाही ते डिसेबल करा. टचपॅड, साउंड, सुरक्षा यांना हात लावू नका. सुरू झाल्यावर डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि ती फिरती असेल, तर एसएसडी घ्या. पण दुकानात जाण्याआधी मेमरी, डिस्क आणि अ‍ॅक्टिव्हेशन या तिन्ही पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढा. एसएसडी सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे आणि तिचा सीरियल नंबर पक्क्या बिलावर आला पाहिजे, कारण कंपनीची वॉरंटी त्या नंबरावर चालते. डिस्क बदलायला थोडा वेळ लागतो, तिथेच बसा. "उद्या या" म्हटलं तर दुसरं दुकान शोधा. सांगलीत प्रामाणिक कारागीर भरपूर आहेत, आणि त्यांना तुम्ही समोर बसल्याचा राग येत नाही.

आणि जुनी डिस्क घरी आणा. पैशांपेक्षा मला हेच जास्त लागलं आहे. फोटो, जुनं बिल घेऊन गेल्यावर रॅमची पट्टी "पोराकडून चुकून टेबलावर राहिली असेल" म्हणत परत मिळाली. हार्डडिस्क मात्र "भंगारात गेली". फॉरमॅट केलेल्या फिरत्या डिस्कवरूनही बराच डेटा परत काढता येतो, आणि माझ्या डिस्कवर आडत्यांचे पॅन, आधार, खात्यांचे तपशील होते. डिजिटल सहीची किल्ली यूएसबी टोकनमध्येच राहते, म्हणून ती वाचली. बाकी ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड बदलले, आणि एकेका दुकानात जाऊन हे सांगितलं. एका आडत्याने काम काढून घेतलं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दुकानाचं म्हणणं आलंय की एसएसडी 'रिफर्बिश्ड' असल्याचं तोंडी सांगितलं होतं आणि डिस्क ग्राहकानेच नको म्हणून सोडली. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे आणि ५१२ लिहिलेली ती चिठ्ठी. हेल्पलाइनवर निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते.