करडी डायल उन्हात बघून घ्या

जालन्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हात दिवसभर मोटारींत आणि चुंबकांत. त्यापायी आधीचं ऑटोमॅटिक घड्याळ पुढं पळायला लागलं. आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात. म्हणून पंचवीस वर्षांच्या धंद्यानंतर स्वतःसाठी एकच भारी वस्तू घेतली: ओमेगाचं सीमास्टर डायव्हर 300 एम हे घड्याळ, करड्या डायलचं. आतलं 8800 कॅलिबर, म्हणजे घड्याळाचं यंत्र, 15,000 गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चुंबकीय क्षेत्राला दाद देत नाही. मला हेच पाहिजे होतं.

पण जीव जडला तो डायलवर. शोरूमच्या पिवळ्या दिव्यांत ती मळकट वाटली, मन खट्टू झालं. तसाच घड्याळ घेऊन दाराशी गेलो. ऊन पडलं मात्र, सिरॅमिकवर लेझरनं कोरलेली एकेक लाट उठून आली, चांदीसारखी. वर निळे काटे. ढग आला तशी तीच डायल पाटीसारखी गडद झाली. पावसात भिजलेल्या वेरूळच्या दगडाचा रंग अगदी! काळ्या डायलमध्ये ही गंमत नाही.

42 मिलिमीटरचं आहे, बारीक मनगटावर मोठं दिसेल. एकदा पूर्ण चावी भरली की 55 तास चालतं. शनिवारी रात्री काढून ठेवलेलं सोमवारी सकाळी चालूच असतं.

आधीच्या एका दुकानात घड्याळ दारापर्यंत नेऊ दिलं नव्हतं. तिथून मी सरळ उठून आलो.